लेह ते पोर्ट ब्लेअर : अंतर किती, वेळ किती आणि दोन्हींचा मेळ का बसत नाही

सातारा जिल्ह्यातल्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे : "माझा मुलगा सैन्यात असून सध्या लेहला आहे आणि मुलगी पोर्ट ब्लेअरला नोकरी करते. यंदा भाऊबीजेला मुलाने बहिणीकडे जावे असे घरात ठरते आहे. दोन विमानतळांमधले अंतर एका संकेतस्थळावर २,९३७ किलोमीटर आणि वेळ ३ तास ४० मिनिटे दाखवली आहे. दुसऱ्या ठिकाणी अंतर ३,१०६ किलोमीटर आहे. प्रत्यक्ष तिकीट पाहायला गेलो तर प्रवास सव्वीस तासांचा निघतो. यांतले खरे कोणते धरायचे?"

तिन्ही आकडे खरे आहेत, पण ते तीन वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. पहिला पृथ्वीच्या गोलाचा आहे, दुसरा विमानाच्या वाटेचा आहे आणि तिसरा तुमच्या मुलाचा आहे. गेली बावीस वर्षे मी फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम करते, म्हणजे विमान निघण्यापूर्वी त्याचा मार्ग, उंची, इंधन, वजन आणि पर्यायी विमानतळ यांचा हिशेब मांडून तो वैमानिकाच्या हाती देते. लेह आणि पोर्ट ब्लेअर या दोन्ही ठिकाणांच्या उड्डाणांचे कागद मी असंख्य वेळा केले आहेत. त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि उत्तर जरा लांबणार आहे.

आधी २,९३७ हा आकडा कसा येतो ते पाहू. लेहचा विमानतळ ३४.१४ अंश उत्तर अक्षांश आणि ७७.५५ अंश पूर्व रेखांश यांवर आहे, तर पोर्ट ब्लेअरचा ११.६४ अंश उत्तर आणि ९२.७३ अंश पूर्व येथे. पृथ्वीच्या केंद्रातून या दोन बिंदूंकडे दोन रेषा काढल्या, तर त्यांच्यातला कोन सुमारे २६.४ अंशांचा भरतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावर अशा एका अंशाचे अंतर ६० सागरी मैल, म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर असते. गुणाकार केला की २,९३७ च्या आसपास उत्तर येते. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने अधिक काटेकोर गणितात यातून सहा-सात किलोमीटर कमी होतात, म्हणून एखाद्या ठिकाणी २,९३० दिसले तर गोंधळून जाऊ नये. याला बृहद्वृत्तीय अंतर म्हणतात आणि गोलावरच्या दोन ठिकाणांमध्ये याहून जवळची वाट नसते.

परंतु ही वाट कुठून जाते ते एकदा नकाशावर बोटाने काढून पाहावे. लेहहून आग्नेयेला निघालेली ही रेषा दोनशे किलोमीटरच्या आसपासच सीमा ओलांडून तिबेटात शिरते, कुमाऊँच्या अगदी उत्तरेच्या टोकावरून क्षणभर भारतात येते, लगेच पश्चिम नेपाळवरून जाते, बलरामपूरच्या बाजूने उत्तर प्रदेशात उतरते, पुढे बक्सर आणि जमशेदपूरच्या जवळून जाते आणि बालासोरपाशी किनारा सोडून बंगालच्या उपसागरावर येते. यातला तिबेटचा तुकडा आपल्या देशांतर्गत विमानाला उपलब्ध नाही. शिवाय तिथे खाली जमीनच इतकी उंच आहे की विमानातला हवेचा दाब गेला तर प्राणवायूशिवाय श्वास घेता येईल इतक्या खाली येण्याला जागा उरत नाही. म्हणून संगणकाने काढलेली ती सुबक रेषा कोणताही डिस्पॅचर कागदावर उतरवणार नाही.

दुसरा आकडा दिल्लीमार्गे आहे. लेह ते दिल्ली सुमारे ६२२ किलोमीटर आणि दिल्ली ते पोर्ट ब्लेअर सुमारे २,४८४ किलोमीटर मिळून ३,१०६ होतात. येथे एक गोष्ट मला नेहमीच आवडते. लेहहून दिल्लीकडे निघणारे विमान पोर्ट ब्लेअरच्या सरळ दिशेपासून जवळजवळ चाळीस अंशांनी फटकून दक्षिणेकडे जाते, तरीही एकूण वाट वाढते ती केवळ १६९ किलोमीटरने, म्हणजे सहा टक्क्यांहूनही कमी. वाकडी वाट जर छोट्या टप्प्यात असेल, तर लांब प्रवासात तिचे फारसे ओझे होत नाही. विमानाच्या भाषेत हे १६९ किलोमीटर म्हणजे बारा-तेरा मिनिटे. तेव्हा "थेट विमान नाही म्हणून दिल्लीचा वळसा पडतो" असे जे वाटते, ते अंतराच्या बाबतीत तितकेसे खरे नाही. वेळ जातो तो दुसरीकडेच.

आता ३ तास ४० मिनिटे. २,९३७ ला ताशी ८०० ने भागले की हेच उत्तर येते आणि बहुतेक संकेतस्थळे एवढेच करतात. एअरबस ए३२० सारखे विमान उंचीवर शांत हवेत ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास चालते, पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्यामुळे सरासरी ८०० धरणे हा ढोबळ हिशेब म्हणून वाईट नाही. वेळापत्रकात मात्र आम्ही ब्लॉक टाइम देतो, म्हणजे विमान आपली जागा सोडून मागे ढकलले जाते त्या क्षणापासून मुक्कामी पोचून थांबेपर्यंतचा वेळ. दिल्लीत धावपट्टीपर्यंत जायलाच पंधरा-वीस मिनिटे सहज लागतात. या हिशेबाने लेह-दिल्ली सव्वा ते दीड तास आणि दिल्ली-पोर्ट ब्लेअर सव्वातीन ते साडेतीन तास धरावेत. दोन्ही मिळून पावणेपाच तासांच्या आसपास होतात. एवढा वेळ मुलगा प्रत्यक्ष विमानात बसलेला असेल.

हे पावणेपाच तासही वर्षभर सारखे राहत नाहीत. हिवाळ्यात उत्तर भारतावरून, साधारण बारा किलोमीटर उंचीवरून, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा झोत वाहत असतो. समजा तो ताशी १५० किलोमीटर आहे आणि दिल्लीहून आग्नेयेला जाणाऱ्या विमानाला तो पहिले हजार किलोमीटर लागतो. विमानाच्या दिशेत त्याचा सुमारे ९६ किलोमीटरचा वाटा पडतो. जाताना जमिनीवरचा वेग ८३० चा ९२६ होतो आणि साडेसात मिनिटे वाचतात. येताना तोच वेग ७३४ वर येतो आणि साडेनऊ मिनिटे जास्त लागतात. जाताना मिळते त्याहून येताना अधिक जाते, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहते. पावसाळ्यात हा झोत हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारतावर पूर्वेकडून येणारा वेगळाच झोत तयार होतो, तेव्हा हे गणित नव्याने मांडावे लागते.

परंतु खरा खर्च लेहच्या जमिनीवर होतो. कुशोक बकुला रिंपोछे विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटर उंचीवर आहे. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिथे पहिले डाकोटा उतरवले तेव्हा जनरल थिमय्या त्यांच्याबरोबर होते, आणि ती कच्ची धावपट्टी लडाखचे अभियंते सोनम नोर्बू यांनी स्थानिकांच्या मदतीने तयार केलेली होती. विमाने बदलली, धावपट्टी पक्की झाली, पण हवा तीच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. पंखांना पुरेशी उचल मिळायला हवेचे ठरावीक कण पंखांवरून जावे लागतात आणि विरळ हवेत तेवढे कण मिळवायला अधिक जोरात धावावे लागते. २० अंश तापमानाच्या दिवशी वैमानिकाच्या समोरचा वेगदर्शक ताशी २५० दाखवत असतो तेव्हा विमान धावपट्टीवरून प्रत्यक्षात ३०८ किलोमीटरच्या वेगाने धावत असते. तापमान ५ अंश असेल तर तोच वेग ३०० च्या आसपास राहतो. इंजिनांनाही विरळ हवा मिळत असल्याने त्यांचा जोर कमी झालेला असतो. याचा अर्थ ऊन चढू लागले की दर तासाला विमानाची उचलण्याची ताकद घटते. त्यातच दुपारकडे दरीत वारा उठतो. लेहला डोंगरांमुळे विमाने एका बाजूने येऊन उतरतात आणि उलट दिशेने उडून त्याच बाजूने बाहेर पडतात. त्यामुळे वारा पाठीवर आला तर धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून उतरू, ही मुंबईसारखी सोय तिथे नाही. याच कारणांनी लेहची बहुतेक प्रवासी उड्डाणे सकाळी उरकून घेतात.

थेट विमान का नाही, याचे उत्तरही येथेच आहे. ए३२० ताशी सुमारे अडीच टन इंधन खाते. पोर्ट ब्लेअरपर्यंतचे इंधन, त्यावर राखीव आणि पर्यायी विमानतळाचे इंधन घेऊन, शिवाय भरलेल्या प्रवाशांसह लेहच्या विरळ हवेतून उठायचे, आणि उठतानाच एक इंजिन बंद पडले तरी दरीतून सुखरूप बाहेर पडता आले पाहिजे ही अटही पाळायची, असे सगळे एकदम जमत नाही. वजनाच्या तक्त्यात बसवायचे म्हटले तर अर्ध्याहून अधिक जागा रिकाम्या ठेवाव्या लागतील. दिल्लीपर्यंतचे थोडे इंधन घेऊन उठणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

लेहची दुसरी अट दृष्टीची आहे. शेवटचा टप्पा वैमानिकाला दरी आणि धावपट्टी डोळ्यांनी पाहून पार करावा लागतो आणि त्यासाठी वेगळे प्रशिक्षण घेतलेले कॅप्टन लागतात. ढग खाली आले की विमान परत फिरते, म्हणूनच लेहला जाताना परत फिरण्याइतके इंधन आम्ही नेहमी देतो. एका जानेवारीतली सकाळ मला चांगली आठवते. दिल्लीत दाट धुके होते, लेहचे विमान जागेवरच दोन तास अडकले, मग निघाले. इकडे आमच्या टेबलावर लेहचा दर अर्ध्या तासाचा हवामान संदेश येत होता आणि प्रत्येक संदेशात दृश्यता थोडी थोडी घटत होती. विमान लेहवर पोचले, दोन घिरट्या झाल्या, कॅप्टनने रेडिओवर शांतपणे "परत येतो" एवढेच सांगितले. त्या प्रवाशांचा दिवस दिल्ली ते दिल्ली असा गेला. त्यात एक जवान सुट्टी संपवून हजर व्हायला निघाला होता आणि उशिराचा दाखला मिळेल का हे विचारायला तो काउंटरवर आला होता. तो दाखला आम्ही त्याला लगेच दिला. तेव्हापासून लेहच्या प्रवाशाला मी पोचण्याची वेळ सांगताना नेहमी दिवसही विचारात घ्यायला सांगते. दिल्लीच्या धुक्यात गेलेला तास लेहला फक्त तासाने उशीर करत नाही, तो बरेचदा सगळे उड्डाणच रद्द करतो, कारण लेहची सकाळ तोवर संपलेली असते.

पोर्ट ब्लेअरची अडचण अगदी वेगळ्या जातीची आहे. शहराचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले असले तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. विमानतळाला वीर सावरकरांचे नाव आहे, आणि सेल्युलर जेलच्या त्या गावी उतरताना मराठी माणसाला ते वाचून भरून येते, हे मी स्वतः अनुभवले आहे. धावपट्टी नौदलाच्या उत्क्रोश तळाबरोबर वाटून घेतलेली आहे. समुद्रसपाटीला असल्याने येथे हवा जड आहे आणि उचलीची चिंता नाही. चिंता आहे ती एकटेपणाची. विमान तिथवर जाऊन उतरू शकले नाही तर जायचे कुठे? चेन्नई १,३७० किलोमीटरवर आहे, कोलकाता १,३०० च्या पुढे, विशाखापट्टणम सव्वाबाराशेच्या आसपास. त्यांतल्या त्यात जवळचे मोठे विमानतळ यांगूनचे, सुमारे ६९० किलोमीटरवर, पण ते परक्या देशात आहे. पुण्याला उतरता आले नाही तर मुंबई हाकेच्या अंतरावर असते, तसे येथे काही नाही. चेन्नईला पर्यायी धरले तर केवळ त्या शक्यतेसाठी सव्वाचार टनांच्या आसपास इंधन बरोबर न्यावे लागते आणि बहुतेक दिवशी ते न वापरता परत मोजावे लागते. जास्त इंधन म्हणजे जास्त वजन, म्हणजे कधी कधी कमी सामान. अंदमानच्या मुलीला पाठवायचा फराळाचा डबा वजनात अडतो तेव्हा त्याच्यामागे हा हिशेब असतो.

नैर्ऋत्य मोसमी पाऊस अंदमानला मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोचतो, देशात सगळ्यांत आधी. मग पुढचे महिने समुद्रावर उभ्या ढगांच्या रांगा असतात आणि त्यांना वळसा घालताना पन्नास-शंभर किलोमीटर सहज वाढतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ आहे. आणखी एक कारण फार कमी प्रवाशांना माहीत असते. ओडिशाच्या किनाऱ्यावरून क्षेपणास्त्रांच्या चाचण्या होतात तेव्हा उपसागरावरचा मोठा पट्टा काही तासांसाठी बंद केला जातो. त्याची सूचना आम्हाला आधी मिळते आणि आम्ही मार्ग बाजूला घेतो किंवा वेळ पुढे-मागे करतो.

या दोन गावांचे घड्याळ एक आहे, सूर्य मात्र एक नाही. रेखांशांत पंधरा अंशांहून थोडा अधिक फरक आहे आणि एका अंशाला चार मिनिटे या दराने तो एक तासाचा होतो. त्यात ऋतूचा फरक मिळाला की भाऊबीजेच्या दिवसांत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पोर्ट ब्लेअरला सकाळी सव्वापाचच्या आत सूर्य उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या आधी मावळतो, तर लेहला पावणेसातच्या सुमारास उजाडते. म्हणजे बहीण चहा घेऊन कामाला लागते तेव्हा भावाकडे अजून काळोख असतो. उजेडावर आणि थंड हवेवर चालणारा विमानतळ एकीकडे आणि दूर समुद्रातला विमानतळ दुसरीकडे असल्यामुळे दोघांच्या सोयीच्या वेळा दिल्लीत एकमेकींना भेटत नाहीत.

तुमचे सव्वीस तास याच कारणाने होतात. मुलगा लेहहून सकाळी आठला निघून दिल्लीला साडेनऊला पोचतो. पोर्ट ब्लेअरचे विमान त्याच्या आधी निघून गेलेले असेल किंवा अगदी घाईचे असेल, तर तिकीट दुसऱ्या दिवशीचे मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तो बहिणीच्या दारात असतो. सव्वीस तासांपैकी एकवीस तास तो दिल्लीत काढतो. लेहहून लवकरचे आणि दिल्लीहून उशिराचे विमान जुळले, तर हाच प्रवास एका दिवसात नऊ-दहा तासांत होऊ शकतो, म्हणून एकच तारीख न पाहता आजूबाजूच्या दोन-तीन तारखाही पाहाव्यात. परतीच्या प्रवासात मात्र ही शक्यता जवळजवळ नाही. पोर्ट ब्लेअरहून कितीही पहाटे निघाले तरी दिल्लीला यायला तीन तासांहून अधिक लागतात आणि तोवर लेहची बहुतेक विमाने निघून गेलेली असतात. परतताना दिल्लीत रात्र काढणे जवळजवळ अटळ आहे, हे धरूनच रजा मागावी.

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्यावेत. पहिले विमान चुकले किंवा रद्द झाले तर पुढची व्यवस्था विमान कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटे घेतली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडण्याची भीती असते. वेगळी घ्यावीच लागली, तर दिल्लीत किमान चार तास मधे ठेवावेत, कारण तिथल्या टर्मिनलांमध्ये काही किलोमीटरांचे अंतर आहे आणि सामान पुन्हा द्यावे लागते. मुलगा लष्कराच्या विमानाने चंदीगडला येणार असेल, तर लेह-चंदीगड सुमारे ३९० किलोमीटर आहे आणि पुढे दिल्लीपर्यंत रस्त्याने पाच-सहा तास धरावेत.

एक सूचना प्रकृतीची, आणि ती परतीसाठी अधिक महत्त्वाची. उडत्या विमानात आतला दाब साधारण २,४०० मीटर उंचीच्या हवेइतका किंवा त्याहून जड ठेवलेला असतो. लेह त्याहूनही उंच असल्यामुळे विमान खाली उतरत असताना आतला दाब उलट कमी करावा लागतो. पिशवीतले वेफर्सचे पाकीट उड्डाणात जेवढे फुगते, त्याहून लेहला उतरल्यावर अधिक फुगलेले दिसते ते यामुळे. अंदमानात कोणी स्कूबा डायव्हिंग केले असेल, तर त्यानंतर लगेच विमानात बसू नये. अनेक डुबक्या झाल्या असतील तर किमान अठरा तास आणि शक्यतो पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा, आणि लेह गाठायचे असेल तर याहून अधिक सावधगिरी बाळगावी. समुद्रसपाटीला आठवडाभर राहून परत गेल्यावर मुलाला लेहच्या हवेची पुन्हा सवय करून घ्यावी लागेल. पहिले दोन दिवस विश्रांतीचे, हा नियम जुन्या माणसालाही चुकत नाही आणि त्याच्या युनिटमध्येही तेच सांगतील.

तारखेबद्दल माझे मत विचाराल तर मुलाने भाऊबीजेच्या तीन दिवस आधी लेह सोडावे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला लेहचे आकाश बहुधा मोकळे असते, पण एखादी सकाळ वाया गेली तरी हाताशी दुसरी राहते, आणि उपसागरात वादळ उठले तर दिल्लीत थांबण्याइतकी सवडही राहते. निघण्याच्या आदल्या रात्री त्याने बॅग भरून ठेवावी, आणि सकाळी लेहच्या विमानाने धावपट्टी सोडल्याचा त्याचा निरोप आला की मगच मुलीला ओवाळणीचे ताट कोणत्या दिवशी मांडायचे ते कळवावे.